फायटेज मी कुकरमध्ये घातलं होतं

मत्स्य पोषण विषयात एम.एफ.एस्सी. (मत्स्यशास्त्राची पदव्युत्तर पदवी) करायला निघालेली मुलं मला विचारतात, "ताई, प्रबंधाला विकरांचा (एन्झाइमचा) विषय घेऊ का?" जरूर घ्या. फक्त माझे पहिले साठ दिवस कसे वाया गेले, ते आधी ऐका.

आपल्याकडे रोहू-कटल्याला शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा घालायची जुनी पद्धत. मासळीची भुकटी महागली तशी सोयाबीन पेंडही आली. या सगळ्यांत फॉस्फरस भरपूर, पण त्यातला साधारण दोन तृतीयांश फायटेट नावाच्या वनस्पतींतल्या संयुगात अडकलेला. तो सोडवणारं विकर म्हणजे फायटेज; ते माशाच्या आतड्यात नसल्यातच जमा. शिवाय फायटेट जस्त, कॅल्शियम आणि प्रथिनंही धरून ठेवतं. न पचलेला फॉस्फरस विष्ठेतून तळ्यात उतरतो आणि शेवाळ माजतं. म्हणून फायटेज बाहेरून घालायचं.

मी किलोभर खाद्याला ५०० युनिट फायटेज तोलून पिठात मिसळलं आणि मळलेला गोळा कुकरमध्ये वाफवला. साठ दिवसांनी बोटुकल्यांची (बोटभर पिल्लांची) वजनं केली, तर फायटेजच्या आणि साध्या टाकीत काहीच फरक नाही. मॅडमनी खाद्यातलीच विकराची सक्रियता तपासायला लावली. जवळजवळ शून्य! विकर हे प्रथिन; वाफेत ते मेलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हा गोळा आधी वाफवा, पूर्ण गार होऊ द्या, मग जीवनसत्त्वांच्या मिश्रणाबरोबर फायटेज घाला आणि खाद्य कमी तापमानाला वाळवा. एक्स्ट्रूडरमध्ये (खाद्य दाबून गोळ्या पाडणाऱ्या यंत्रात) तापमान १०० अंशांच्या वर जातं, म्हणून कारखान्यात तयार गोळीवर विकर फवारतात. आणि एकही दाणा टाकीत टाकण्याआधी सक्रियता मोजा.

दुसरी गोष्ट कोंबडीखाद्याची माहिती वाचून येणाऱ्यांच्या हमखास नजरेआड होते: रोहूला जठरच नसतं, म्हणजे जठरातलं आम्लही नाही. फायटेजला आम्लता लागते. पुडक्यावरचं युनिट ५.५ सामू (pH) आणि ३७ अंशांवर मोजलेलं असतं. रोहूचं आतडं उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी आणि टाकीचं पाणी २८ अंशांच्या आसपास. म्हणूनच वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत रोहूच्या खाद्यात फायटेजबरोबर सायट्रिक आम्ल घालून प्रयोग झाले. ते निबंध नीट वाचा.

पचनीयता मोजायला खाद्यात न पचणारं क्रोमिक ऑक्साइड खूण म्हणून घालतात, विष्ठा हिरवट होते. ती पडल्यापडल्या सायफनने उचला. पाण्यात राहिली की फॉस्फरस विरघळून जातो आणि पचन खोटंच चांगलं दिसतं. पहाटेच्या फेऱ्या चुकवू नका.

दुसऱ्या खेपेला वजनातला फरक थोडाच आला. मी हिरमुसले होते, पण हाडांच्या राखेत फॉस्फरस स्पष्ट वाढलेला निघाला. त्यामुळे प्रयोग संपला की नमुने फेकू नका. पाठीचे कणे वेगळे काढून, वाळवून ठेवा.