फेलफूट आधी काढा, मग फवारणीचं बोला

परतीचा पाऊस अजून गेलेला नाही. अथणी, कागवाड, रायबागपासून पलीकडे तिकोट्यापर्यंत उत्तर कर्नाटकातल्या ज्या द्राक्षबागायतदारांची फळछाटणी (घड धरण्यासाठीची छाटणी) सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला झाली, त्यांच्या बागा आता पाच-सहा पानांवर आल्यात आणि घड दिसू लागलेत. इथून फुलोरा संपेपर्यंत केवडा म्हणजे डाउनी हा बुरशीचा रोग आला, तर तो पानावर थांबत नाही, थेट घडावर जातो. पानावरचा डाग औषधाने आवरता येतो. घडावरचा आवरत नाही. घड तपकिरी पडतो, वाकडा होतो, वाळतो, आणि त्या काडीवरचं वर्षाचं पीक संपतं.

दरवर्षी बागा कशाने जातात? औषध कमी पडलं म्हणून जाणाऱ्या बागा थोड्या. फेलफूट, म्हणजे घड न आलेल्या वांझ फुटी, वेळेवर काढली नाही म्हणून जाणाऱ्या जास्त. मजुरांची टोळी मिळाली नाही, मजुरी वाढली, दसरा-दिवाळी मध्ये आली, तेलसंगच्या यात्रेला गडी गेले, असं करत घड नसलेल्या फुटी आठ-दहा दिवस तशाच राहतात. तोवर बाग आतून बंद होते. मग त्या बंद बागेवर चौथी, पाचवी, सहावी महागडी फवारणी होते आणि ती वरच्या पानांवरच बसते. घड आत कोरडाच राहतो. म्हणजे औषधाला कोरडा, दवाला ओला.

ज्यांच्या बागा डॉगरिज खुंटावर आहेत (आणि आपल्या खारवट पाण्याच्या पट्ट्यात बहुतेकांच्या आहेत) त्यांनी तर एक दिवसही उशीर करू नये. डॉगरिजचा जोर मोठा. हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग (डोळे फुटावेत म्हणून छाटलेल्या काडीला औषध लावणं) चांगलं झालं असेल तर एका काडीवर दोन-तीन डोळे एकदम फुटतात. घड असलेली एक सशक्त फूट ठेवायची आणि वांझ फुटी बोटाने मोडायच्या. पाच-सहा पानांवर फूट कोवळी असते, बुडाशी दाबली की कट्‌कन तुटते आणि जखमही लहान राहते. दहा दिवसांनी तीच फूट कात्रीने कापावी लागते. मजुरी दुप्पट, जखम मोठी, आणि दरम्यान पाऊस होऊन गेला असेल तर रोग आधीच आत शिरलेला.

फेलफूट पुरेशी निघाली की नाही हे बघायचं एक साधं माप आहे. दुपारी बाराला मांडवाखाली किंवा ‘वाय’ (Y) आकाराच्या आधारावरच्या ओळीत उभं राहायचं. जमिनीवर उन्हाचे कवडसे पडत असतील तर बाग उघडी आहे. अख्खी सावली असेल तर उद्याच परत टोळी घाला. हे कुठल्या पुस्तकातलं माप नाही, पण आजवर त्याने दगा दिलेला नाही.

यंदा गावोगाव वाईनची चर्चा आहे. जगात वाईनला सोन्याचे दिवस आलेत, वाईनची द्राक्षं लावा, माल आम्ही उचलू, असं सांगत फिरणारी माणसं शेतापर्यंत पोचलीत. त्यांना उत्तर द्यायला आकडे माहीत असलेले बरे. आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाईन संघटनेच्या हिशेबाने २०२४ मध्ये जगातलं द्राक्षक्षेत्र सुमारे ७१ लाख हेक्टर होतं. या शतकाच्या सुरुवातीला ते ७८ लाखांच्या आसपास होतं, आणि २०२४ पर्यंत सलग चार वर्षं ते घसरत आलं. २०२४ मध्ये वाईनचं उत्पादन साधारण २,२५० कोटी लिटरवर आलं, साठ वर्षांतलं सर्वांत कमी. पिणंही घटलं, सुमारे २,१४० कोटी लिटर, म्हणजे १९६१ नंतरचा नीचांक. क्षेत्रात स्पेन पहिला, मग फ्रान्स, चीन, इटली. चीनने या शतकाच्या सुरुवातीला झपाट्याने बागा वाढवल्या, तोही आता थांबलाय. फ्रान्समध्ये तर बोर्डो भागातल्या शेतकऱ्यांना बागा उपटण्यासाठी २०२३ मध्ये हेक्टरी ६,००० युरो देण्याची योजना आली. आपल्याकडे लावायला सांगतायत, तिकडे उपटायला पैसे देतायत.

याउलट भारताचं क्षेत्र वाढतंय आणि ते पावणेदोन लाख हेक्टरच्या घरात आहे. पण आपली वाढ वाईनची नाही. आपली द्राक्षं खाण्याची आणि बेदाण्याची. वाईनला जाणारा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास. कर्नाटकाने २००७ मध्ये द्राक्ष प्रक्रिया आणि वाईन धोरण आणलं, कृष्णा खोऱ्यात बेळगाव, बागलकोट, विजयपूर धरले. धोरण चांगलं आहे. पण तेलसंग-ऐगळीकडच्या बहुतेक शेतकऱ्याला तासगाव-सांगलीचा बेदाण्याचा सौदा डोळ्यांपुढे ठेवूनच बाग धरावी लागते. वाईनच्या जातीचा माल वायनरीने नाकारला तर त्याचा चांगला बेदाणा होत नाही आणि खाण्याच्या द्राक्षांच्या बाजारात तो चालत नाही. लेखी करार, दर, साखरेची अट आणि नाकारलेल्या मालाचं काय करायचं, या चार गोष्टी कागदावर आल्याशिवाय एक रोपही लावू नका. रोपवाटिकेच्या आगाऊ रकमेची पावती म्हणजे करार नव्हे.

पण जगाच्या या बातम्यांत आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे. २०२३ मध्ये इटलीचं वाईन उत्पादन एवढं घसरलं की १९४७ नंतर इतकं कमी झालं नव्हतं. मध्य आणि दक्षिण इटलीत वसंतात पाऊस थांबेना आणि केवड्याने बागा धुऊन नेल्या. त्याच वर्षी बोर्डोतही केवडा माजला. याच भागात १८८५ मध्ये मिलार्दे या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाने केवड्याला आळा घातला, ज्याला आपण आजही बोर्डो मिश्रण म्हणतो. आणि बेदाण्यात आपल्याला बाजारात भिडणाऱ्या तुर्कस्तानातही, मनिसा भागात, त्याच वर्षीच्या पावसात केवड्याने सुलताना द्राक्षाचं पीक खाल्लं. या लोकांकडे आपल्यापेक्षा चांगले ब्लोअर (पंख्याच्या हवेने फवारणारी यंत्रं) आहेत, हवामान केंद्रं आहेत, औषधंही आहेत. तरीही पाऊस लागून राहिला आणि ट्रॅक्टर बागेत जाईना, तेव्हा औषधाच्या बाटल्या शेडमध्येच राहिल्या. आपल्याकडे हेच २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झालं. अरबी समुद्रात ‘क्यार’ आणि मागोमाग ‘महा’ ही वादळं आली, आणि सांगलीपासून नाशिकपर्यंतच्या बागांचे घड कुजले. त्या पावसात वाचलेल्या बागा आठवून बघा. बहुतेक उघड्या होत्या, वाऱ्याने तासाभरात सुकणाऱ्या.

केवड्याला पानावर पाणी लागतं. पान रात्रभर ओलं राहिलं आणि आत वारा नसेल, तर बीजाणू पानात शिरतात. त्यानंतर चार-सात दिवस काहीच दिसत नाही, आणि मग तेलकट पिवळे डाग. म्हणून डाग दिसला की औषध मारू म्हणणारा नेहमी आठवडाभर मागे राहिलेला असतो. शंका असेल तर संध्याकाळी संशयित पान तोडून ओल्या फडक्यासह प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घरात अंधारात ठेवा. सकाळी पानाखाली डागाच्या जागी पांढरी, कापसासारखी बुरशी आली तर तो केवडाच. या चाचणीला पैसे लागत नाहीत, आणि ‘काहीतरी मारून बघू’ म्हणत जाणारी एक टाकी वाचते.

आता औषधांचं. प्रतिबंधक म्हणून मॅन्कोझेब ७५ टक्के २ ग्रॅम प्रति लिटर, पावसाचा अंदाज असेल तर पावसाच्या आदल्या दिवशी. ही साधी, जुनी, स्वस्त पावडर या टप्प्यात अजून बाग राखते. पाऊस होऊन गेला आणि डाग दिसले, तर डायमेथोमॉर्फ १ ग्रॅम अधिक मॅन्कोझेब २ ग्रॅम प्रति लिटर, किंवा सायमोक्झॅनिल-मॅन्कोझेबचं तयार मिश्रण २ ग्रॅम प्रति लिटर. हे दोन आलटून पालटून. एकच आंतरप्रवाही (झाडात भिनणारं) औषध लागोपाठ मारलं की बुरशी त्याला सरावते. मेटालॅक्झिल या औषधाचा गुण तसाच गेला, स्ट्रॉबिल्युरिन गटातल्या औषधांचाही जातोय. जमीन काळी आणि ट्रॅक्टर जात नसेल तर मॅन्कोझेबची धुरळणी करा, पण तोंडाला मास्क हवा. डब्यावरच्या चिठ्ठीतलं प्रमाण आणि काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी आणि काढणी यांतलं अंतर) बघूनच टाकी भरा. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र दर आठवड्याला सांगली आणि विजयपूरच्या हवामानाप्रमाणे सल्ला काढतं, तो वाचा. पावसाचा अंदाज ‘मेघदूत’ अॅपवर किंवा कर्नाटकाच्या ‘वरुणमित्र’ हेल्पलाइनला फोन करून मिळतो. दुकानदाराच्या व्हॉट्सअॅपवरचा अंदाज सोडा. त्याच्या अंदाजात दर तिसऱ्या दिवशी पाऊस असतो.

दुकानदारांबद्दल स्पष्टच बोलायला हवं. उधारीवर मिळणारं ‘डाउनी किट’, त्यात समुद्री शेवाळ, अमिनो, सिलिकॉन, कसलंसं टॉनिक, आणि वर परदेशी नावाची एक बाटली. यातल्या बऱ्याच गोष्टी विषारी नाहीत. पण त्या केवडाही थांबवत नाहीत. पाच-सहा पानांवर टॉनिक मारलं की फुटीचा जोर वाढतो, बाग आणखी बंद होते आणि ढगाळ हवेत घड जिरतो (घडाचा ताणा होऊन जातो). किटचे पैसे टोळीला द्या. फेलफूट काढायला लागणारी मजुरी एका किटच्या उधारीपेक्षा बहुतेक वेळा कमीच असते, आणि ती उधारी बेदाणा विकेपर्यंत व्याजासह फेडावी लागत नाही.

एक सावधगिरी मात्र. उघडी बाग म्हणजे नागडी बाग नव्हे. फेब्रुवारी-मार्चचं आपल्याकडचं ऊन घडाला चटका देतं. वांझ फुटी काढायच्या, घडाच्या फुटीला पानं ठेवायची. पुढे काडीवर १५-१६ पानं झाली की शेंडा मारायचा. घडाला घासणारी बुडातली दोन-तीन पानं फुलोऱ्याआधी काढली तर घडात वारा खेळतो आणि औषधही पोचतं. पश्चिमेच्या बाजूची पानं मात्र हात राखून.

बाकी नेहमीची कामं:

– छाटणी अजून बाकी असेल तर पेस्टिंगला हायड्रोजन सायनामाइड ३० ते ४० मिली प्रति लिटर, हातमोजे घालून. लावणाऱ्याने आदल्या दिवसापासून, लावताना आणि नंतरही डब्यावर सांगितलेले दिवस दारूला हात लावू नये, विषबाधा होते.
– छाटणीनंतर ओलांडे (तारेवरच्या आडव्या फांद्या), खोड आणि जमिनीवर १ टक्का बोर्डो मिश्रण (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी). लोखंडी खुरपं बुडवून बघा, तांबूस चढलं तर चुना वाढवा. कोवळ्या फुटीवर मारू नका.
– छाटलेल्या काड्या, जुनी पानं बागेबाहेर.
– बांधाला चर काढून पाणी वाहतं करणं.
– पाऊस असेल त्या आठवड्यात ठिबक बंद.
– युरिया, १९:१९:१९ ही खतं सध्या हात आखडून.
– भुरी या दुसऱ्या बुरशीरोगासाठी गंधक ८० टक्के २ ग्रॅम प्रति लिटर, कडक उन्हात नको.
– ब्लोअरच्या नोझल तपासणी.
– फवारणीची नोंद आणि बिलं एका वहीत.

टोळीचं एकट्याने जमत नसेल तर शेजारच्या तीन-चार जणांनी छाटणीच्या तारखांप्रमाणे टोळी वाटून घ्यावी. आधी छाटलेला प्लॉट आधी. मोठ्या बागायतदाराने टोळी अडवून धरली की लहान शेतकऱ्याची अर्धा एकर बाग मधल्या मध्ये मरते, आणि त्याच्या बागेतला केवडा वाऱ्याबरोबर मोठ्याच्या बागेत येतो. हे समजून घेणारे बागायतदार आहेत, पण ते वाढायला हवेत. सगळ्या बागेची फेलफूट एकदम होत नसेल तर निदान खालची ओली, सखल, वारा न लागणारी बाजू आधी करा. केवडा तिथूनच सुरू होतो, हे कोणाही जुन्या बागायतदाराला विचारा.

फुलोऱ्यात पाऊस गाठलाच, तर धीर सोडू नका आणि दुकानाकडे धावूही नका. पाऊस थांबला की पहिल्या तासात तारा हलक्या हाताने हलवून घडातलं पाणी झाडा. ब्लोअर टाकी न भरता, नुसती हवा मारत ओळीतून फिरवा, घड सुकतात. फुलोऱ्यात जोराच्या प्रेशरने फवारणी नको. राहिलेल्या वांझ फुटी आणि बगलफुटी त्याच दिवशी काढा, पावसात कापलेला प्रत्येक पाला पिशवीत भरून बाहेर न्या, ओळीत टाकू नका. पान कोरडं झालं की संध्याकाळपर्यंत फवारणी उरकून घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दव सुकण्याआधी पानं उलटी करून बघत प्रत्येक ओळीतून चाला आणि डाग दिसलेली झाडं सुतळी बांधून ओळखून ठेवा. पुढच्या आठवड्यात आधी त्याच झाडांकडे जायचंय.