जुन्या झेनचे मागचे बुश बदलताय? मग शेवटचा पाना गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच फिरवा

मागून टक-टक येते म्हटलं की ज्याला विचाराल तो सांगणार शॉकअप गेले, बदलून टाका. शॉकअप बदलून होतात, पैसे जातात आणि आवाज तसाच. वीस वर्षांच्या गाडीत आधी बुश बघायचे, म्हणजे सांध्यांतल्या रबर बसवलेल्या लोखंडी नळ्या. मारुतीची झेन, जुनी अल्टो, जुनी वॅगन-आर, या सगळ्यांच्या मागे दोन्ही चाकं जोडणारा एक सलग ऍक्सल, त्याला पुढे बॉडीशी धरणारे दोन बाजूंना दोन ट्रेलिंग आर्म आणि ऍक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवा लॅटरल रॉड असतो, आणि यांच्या टोकांना रबरी बुश. रबर फाटलं की खड्ड्यात आवाज येतो आणि वळणावर किंवा पुलावर वारा लागला की गाडीची मागची बाजू लचकते. बेळगाव-गोवा रस्त्यावरचा चोर्ला घाट उतरताना हे बरोबर कळतं. आर्म आणि ब्रॅकेटच्या मधे टॉमी (लोखंडी कांब) घालून जरा रेटून बघा, बुशमधली लोखंडी नळी मोकळी हलली किंवा रबराला आरपार चीर दिसली तर विषय संपला.

हे काम मिरगाच्या, म्हणजे जूनमधल्या पावसाच्या आधी करा, पावसात अंगणात चिखलात आडवं पडून होत नाही. बुश दोन्ही बाजूंचे एकदम घ्या, लॅटरल रॉडचेसुद्धा. कंपनीचेच घ्या. पॉलियुरेथेनचे घाला म्हणून सांगणारे भेटतील, पण रोजच्या गाडीला ते कडक पडतात, ग्रीस सुकलं की करकरतात, आपल्या रस्त्यांवर मला तरी नकोत.

सुरू करायच्या आधी गाडी सपाट जागेवर उभी करा, आत सामान नको, आणि मागच्या चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने माप घ्या, दोन्ही बाजूंचं, आणि लिहून ठेवा. याचं काम शेवटी आहे.

मग गाडी उचला. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो, मागची चाकं हवेत गेली की त्याचा काही उपयोग नाही, म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि पुढच्या चाकांना दोन्हीकडून अडण लावायची. आणि आपल्याकडे एक फार वाईट सवय आहे, गाडीखाली चिरे (जांभा दगड) लावायची. चिरा भिंतीत दबून राहतो, पण एका टोकावर वजन आलं की कधी तडकेल सांगता येत नाही आणि तुम्ही त्याच्या खाली असता. लोखंडी घोड्या, म्हणजे गाडी तोलून धरणारे स्टँड, नसतील तर उसन्या आणा, नाही मिळाल्या तर काम उद्या करा.

बोल्टवर आदल्या रात्रीच गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा. समुद्राकाठच्या गाड्यांचे बोल्ट बुशच्या आतल्या नळीला गंजून घट्ट चिकटतात, हातोडीने डोकं ठोकून उपयोग नाही. नट काढा, बोल्टचं डोकं पान्याने मागे-पुढे फिरवत राहा, सुटतो. नाहीच सुटला तर कापायचा, म्हणून नवे बोल्ट आधीच आणून ठेवा.

एका वेळी एकच आर्म काढायचा. दोन्ही काढले तर ऍक्सल फिरतो, ब्रेकचा पाइप ओढला जातो आणि परत भोकं जुळवताना दिवस जातो. ऍक्सलखाली जॅक असलाच पाहिजे, स्प्रिंग दाबलेली असते.

आर्म काढल्यावर जुना बुश कुठल्या दिशेने बसला आहे आणि बाहेर किती आला आहे यावर खूण करा. मग आर्म सरळ लेथवाल्याकडे न्या, तो प्रेसवर पाच मिनिटांत जुना काढून नवा बसवतो. रबर जाळून काढायचा सल्ला ऐकू नका, धूर विषारी असतो. बुश बसवताना रबराला ग्रीस किंवा ऑइल लावायचं नाही, त्याने रबर फुगतं, साबणाचं पाणी पुरतं.

आता जिथे मी स्वतः दोनदा फसलो ते. माझ्या 2002 च्या झेनला मी मे महिन्यात पहिल्यांदा बुश घातले, गाडी घोड्यांवर होती, चाकं लोंबकळत होती, तसेच सगळे बोल्ट पूर्ण आवळले आणि खाली उतरवली. गणेश चवथीपर्यंत टक-टक परत सुरू. मला वाटलं माल डुप्लिकेट निघाला, दुसऱ्या दुकानातून घेतले, परत तसेच आवळले, परत काही महिन्यांत गेले. दुसऱ्या वेळी जुने बुश फेकले नाहीत, शेजारी शेजारी ठेवून बघितले तर सगळ्यांचं रबर एकाच दिशेला, पीळ दिल्यासारखं फाटलेलं. तेव्हा डोक्यात उजेड पडला.

हा बुश बेअरिंगसारखा फिरत नाही. बाहेरची नळी आर्ममध्ये घट्ट, आतली नळी बोल्ट आवळला की ब्रॅकेटला घट्ट, आणि मधलं रबर दोघींना चिकटवलेलं. आर्म वर-खाली होतो तेव्हा रबरच पीळ खातं आणि परत येतं. जिथे तुम्ही बोल्ट आवळता ती त्या रबराची आरामाची जागा ठरते. चाकं लोंबकळताना आवळला तर आरामाची जागा तिथे ठरली, मग गाडी खाली आली की उभ्या गाडीतसुद्धा रबर कायम पिळलेलं राहतं, आणि खड्डा आला की त्या पिळावर अजून पीळ. मग ते महिन्यांत फाटणार नाही तर काय होणार? गॅरेजमध्ये घाईत लिफ्टवरच इम्पॅक्ट गनने आवळून देतात आणि गिऱ्हाईक पार्टला शिव्या देतं. गॅरेजमध्ये काम देणार असाल तर तिथे उभे राहून हे एवढं बघाच.

म्हणून लोंबकळत्या स्थितीत बोल्ट फक्त हाताने लावा, नट टेकेल इतपतच. बोल्टच्या दांड्याला पातळ ग्रीस लावा म्हणजे पुढच्या वेळी नळीला चिकटणार नाही, आट्यांना नको. दोन्ही बाजू आणि लॅटरल रॉड असं सगळं सैल लावून झालं की, चाकं काढली असतील तर बसवा.

पण गाडी जमिनीवर टेकवली तर खाली शिरता येत नाही, तिथेच लोक कंटाळून वरच आवळून टाकतात. त्याला उपाय आहे. बॉडीखालच्या घोड्या काढा आणि ऍक्सलच्या नळीखाली लावा, ब्रेकच्या पाइपाला न लागता. आता बॉडीचं वजन स्प्रिंगवर आहे, जसं रस्त्यावर असतं तसंच, आणि खाली जागाही आहे. डिकीवर जोर देऊन गाडी चार-पाच वेळा दाबा, सस्पेन्शन बसू द्या, खाली जायच्या आधी घोड्या हलल्या नाहीत ना बघा. मग सुरुवातीचं माप काढून ताडून बघा. जवळपास तेवढंच आलं पाहिजे, बोटभर फरक असेल तर काहीतरी अडकलंय, आवळायच्या आधी शोधा. माप जुळलं की मॅन्युअलमधल्या आकड्यावर टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते दाखवणारा पाना) आवळा. लॅटरल रॉडची दोन्ही टोकंही याच वेळी, तोही ऍक्सलबरोबर वर-खाली होतो, त्याला वेगळा न्याय नाही.

नंतर कुणी मागच्या चाकांचं अलाइनमेंट करून घ्या म्हणाला तर पैसे देऊ नका, या सलग ऍक्सलला मागे ऍडजस्ट करायला काही नसतं. चारपाचशे किलोमीटर झाले की बोल्ट एकदा परत तपासा, तेव्हाही घोड्या ऍक्सलखालीच.