पानावर डाग दिसला की लगेच फवारणी? या चुका टाळा

सोलापुरात सप्टेंबरचा पाऊस होऊन गेला की ओळखीपाळखीचे लोक विचारू लागतात, "झाडाला बुरशी लागलीय, काय मारू?" मी म्हणते, आधी पान उलटून बघा.

करंजाच्या पानांवर फोडासारख्या गाठी येतात, त्या डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळी किडीच्या असतात. सप्तपर्णीच्या गाठीही किडीच्याच. बुरशीनाशकाचा तिथं काडीचा उपयोग नाही. मे महिन्यात पानांच्या कडा करपतात, त्यामागे बहुतेकदा ऊन नाहीतर बोअरचं खारं पाणी असतं.

चाफ्याचं मात्र वेगळं. पानामागे नारिंगी भुकटी दिसली आणि ती बोटाला लागली, की तो तांबेरा. ही खरी बुरशी. अशी पानं तोडून पिशवीत बांधून टाका, बुंध्याशी पडू देऊ नका. संध्याकाळी पाइपनं अख्खं झाड धुवायची सवय सोडा. पानं रात्रभर ओली राहिली की तांबेरा आणि ठिपके दोन्ही फोफावतात. पाणी सकाळी आणि मुळाशीच द्यावं.

आंब्याची पानं काळी पडली तर ओल्या फडक्यानं पुसून पाहा. काळं निघून खाली हिरवंगार पान दिसलं तर ती काजळी. तुडतुडे, पिठ्या ढेकूण अशा किडी चिकट गोड रस सोडतात, त्यावर ती वाढते. कीड हटवली नाही तर काजळी परत येणारच. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर वर बहुतेकदा कीड असते.

आता भुरी. पाऊस नाही म्हणजे बुरशी नाही, हा समज इथं फसवतो. भुरीला ओलं पान लागतच नाही. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, म्हणजे जानेवारीत, गार रात्री आणि कोरड्या दिवसांत, बोरीवर आणि आंब्याच्या मोहोरावर ती पांढरी पूड धरते. पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, १० लिटरला २० ग्रॅम, सुरुवातीलाच मारलं तर पुरतं. पण पारा पस्तिशीच्या वर गेल्यावर गंधक मारू नका. एका एप्रिलमध्ये भर दुपारी मी आमच्या बोरीवर ते मारलं आणि कोवळी पालवी भाजून गेली. त्या झाडाचं मला अजून वाईट वाटतं.

बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक, घरी करत असाल तर १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवा, लोखंडी भांडं नको. मिश्रणात लोखंडी पातं बुडवून बघा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवा.

रस्त्याकडेच्या उंच झाडावर हातपंपानं मारलेलं औषध निम्मं ये-जा करणाऱ्यांच्या अंगावर पडतं, तो नाद नको. आणि डागाळलेल्या पानांना घाबरून झाडच तोडायला निघू नका. पानांवरच्या रोगानं मोठं झाड सहसा मरत नाही, पुढच्या पालवीला सावरतं. तोडायला तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगीही लागते. छाटणी करायची असली तरी आधी महापालिकेच्या उद्यान विभागात विचारून या.