जाळ्याच्या गोळ्यांसाठी भंगारातलं शिसं

मासे धरायच्या फेकजाळ्याच्या गोळ्यांसाठी भंगारवाल्याकडं शिसं घ्यायला जाताना अंगठ्याचं नख जरा वाढवून जा. थट्टा नाही करत. तुकडा सुरीनं खरवडायचा, आतून चकचकीत निघतो, तिथं नख दाबून ओढायचं. ओरखडा खोल उठला तर शिसं मऊ, आपल्या कामाचं. नख नुसतंच घसरलं तर त्यानं भाव कितीही पाडला तरी घेऊ नका. फरशीवर टाकलं तरी कळतं. मऊ शिसं थप्पकन पडतं, कडक असेल तर वाजतं.

फेकजाळ्याची गोळी दोरीवर ठेवून पकडीनं आवळायची असते, म्हणून हा मऊपणा बघायचा. मला हे पैठणला पहिल्या वर्षी कुणी सांगितलं नव्हतं. एका टायरवाल्याकडून चाकाच्या बॅलन्सिंगची वजनं आणली, तीन किलो. त्यात अँटिमनी मिसळलेलं असतं, त्यानं शिसं कडक होतं. गोळ्या ओतल्या झकास, पण आवळताना निम्म्या चिरल्या आणि उरलेल्या आठवडाभरात नाथसागराच्या पाण्यानं गिळल्या. माझं जाळं पाण्यावर चादरीसारखं पसरलेलं, अन् काठावरचे आमचे काका पोट धरून हसतायत!

आता तर त्या वजनांत लोखंड आणि जस्तही येतं. लोखंड चुंबकाला चिकटतं. जस्त फसवतं. शिसं ३२७ अंशाला वितळतं, जस्त ४१९ला, म्हणून जाळ बेताचा असला की जस्त वर तरंगतं, झाऱ्यानं काढून टाका. जाळ वाढला तर जस्तही वितळून मिसळतं अन् सगळा घाणा बिघडतो.

सगळ्यात चांगलं मिळतं ते टेलिफोनच्या जुन्या केबलवरचं वेष्टण. जुना शिशाचा पाइपही चालतो, फक्त सांधे कापून टाका, तिथं जोडाला दिलेल्या डागात (सोल्डरमध्ये) कथील असतं.

बॅटरीच्या प्लेटा फुकट दिल्या तरी नको. त्यातलं ॲसिड आणि विषारी धूर घरच्या चुलीवर झेपायचा नाही.

वितळवायचं ते उघड्यावर, वाऱ्याकडं पाठ करून, पोरं लांब ठेवून. कढई लोखंडी आणि परत स्वयंपाकाला न जाणारी. भंगार आधी उन्हात कडक वाळवा, साचाही कोरडा हवा. तापल्या शिशात पाण्याचा थेंब गेला की सगळं उसळून अंगावर येतं. आणि तंबाखूची पुडी खिशात नको, घरीच ठेवा. शिशाचे हात साबणानं धुतल्याशिवाय मळायची नाही.