एका साइटला अर्धा तास द्या: चौकस वाचकांसाठी काही पत्ते आणि आत शिरायच्या वाटा

मी ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात बसते. पुस्तक शोधून झालं की बरेच वाचक जाता जाता विचारतात, ‘नेटवर काही चांगलं बघण्यासारखं असेल तर सांगा ना.’ नुसता पत्ता लिहून देऊन भागत नाही, हे मला आता पक्कं माहीत आहे. चांगल्यात चांगली साइट उघडूनही माणूस दोन मिनिटांत उठतो, कारण कुठे काय दाबायचं हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून इथे मोजक्याच साइट्स सांगते. माझं एकच म्हणणं आहे: साइट बघायला जाऊ नका, प्रश्न घेऊन जा.

उदाहरणार्थ, हा प्रश्न घ्या: लांबच्या विमानप्रवासात पूर्वेकडे जाताना कमी वेळ लागतो आणि पश्चिमेकडे येताना जास्त, असं का? आता अर्थ डॉट नलस्कूल डॉट नेट (earth.nullschool.net) उघडा. कॅमेरॉन बेकारिओ यांनी तयार केलेला हा वाऱ्यांचा गोल आहे. तो पहिल्यांदा उघडल्यावर जमिनीलगतचे वारे दिसतात. बहुतेक जण तेवढंच बघून ‘वा, छान’ म्हणतात आणि बंद करतात. तुम्ही मात्र खाली डाव्या कोपऱ्यातला मेनू उघडा. त्यात उंचीच्या ओळीत काही आकडे आहेत. ते हवेच्या दाबाचे आहेत. आकडा जितका लहान तितकी उंची जास्त. 250 निवडा. ही साधारण दहा किलोमीटरची उंची, म्हणजे जेट विमानं उडतात तिथलीच. क्षणात चित्र पालटतं आणि पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारे नागमोडी पट्टे दिसू लागतात. हेच ते जेट प्रवाह. पट्ट्यावर कुठेही क्लिक करा, तिथली वाऱ्याची दिशा आणि वेग लिहून येतो. एकक बदलून ताशी किलोमीटर करून घ्या, मग आकडा अंगावर येतो. पाठीशी असा वारा असेल तर विमान लवकर पोहोचणारच. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. हे काही आकाशातून घेतलेलं थेट चित्रण नाही. महासंगणकांनी मांडलेल्या हवामान अंदाजांवरून ते काढलेलं असतं.

चित्रकलेतलं आपल्याला काही कळत नाही म्हणणाऱ्यांना मी हमखास ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्यूझियमच्या साइटवर पाठवते. डच चित्रकार रेंब्रांटचं ‘द नाइट वॉच’ हे 1642 सालचं भलंमोठं चित्र. संग्रहालयाने त्याचे 8,439 फोटो काढले, ते एकमेकांना जोडले आणि 2022 मध्ये 717 गिगापिक्सेलची, म्हणजे 717 अब्ज ठिपक्यांची, एकच प्रतिमा सगळ्यांसाठी खुली केली. ती उघडल्यावर घाईने मोठी करू नका. आधी पूर्ण चित्रात किती चेहरे सापडतात ते शोधा. मधल्या मंडळींच्या मागे, खांद्यांच्या फटीतून डोकावणारा एक डोळा आणि जेमतेम दिसणारी टोपी आहे. रेंब्रांटने तिथे स्वतःलाच रंगवलं असावं, असं मानलं जातं. तो सापडला की मग जवळ जा, आणखी जवळ जा. रंगाच्या थरातल्या बारीक भेगा दिसेपर्यंत जाता येतं. प्रत्यक्ष संग्रहालयात उभं राहूनही इतकं जवळून बघता येणार नाही!

पक्ष्यांसाठी झेनो-कँटो. जगभरच्या लोकांनी ध्वनिमुद्रित केलेले पक्ष्यांचे आवाज इथे मोफत ऐकता येतात. सुरुवात ओळखीच्या पक्ष्यापासून करा, साध्या चिमणीपासूनच. प्रत्येक मुद्रणाला ए ते ई असा दर्जा दिलेला असतो. ए दर्जाचीच मुद्रणं आधी ऐका. शेजारी आवाजाचा आलेखही दिसतो, त्यावर नजर ठेवून ऐकलं की कान लवकर तयार होतो. दोन वेगवेगळ्या देशांतल्या चिमण्या लागोपाठ ऐका आणि फरक जाणवतो का ते स्वतः ठरवा.

नुसतं बघून समाधान होत नसेल, तर झूनिव्हर्सवर कामाला लागा. शास्त्रज्ञांच्या संशोधनाला सर्वसामान्यांनी हातभार लावायची ही साइट. त्याची सुरुवात 2007 मधल्या ‘गॅलक्सी झू’ या प्रकल्पापासून झाली. दीर्घिकांची, म्हणजे ताऱ्यांच्या अवाढव्य समूहांची, छायाचित्रं इतकी साठली होती की ती बघायला शास्त्रज्ञ पुरेनात, म्हणून सर्वसामान्यांना हाक दिली गेली. त्याच वर्षी हॅनी व्हान आर्केल या डच शिक्षिकेला एका दीर्घिकेजवळ विचित्र डाग दिसला. हे काय आहे, असं तिने विचारलं. तो कुणीच न नोंदवलेला प्रचंड वायूचा ढग निघाला आणि आज तो तिच्याच नावाने ओळखला जातो. तिने प्रश्न विचारला, म्हणून तो सापडला! इथे आधी छोटं प्रशिक्षण मिळतं, ते टाळू नका. चुकेल म्हणून घाबरूही नका. एकच चित्र अनेकांना दाखवलं जातं आणि सगळ्यांची उत्तरं एकत्र करून निष्कर्ष काढतात.

पुस्तकांबद्दल थोडक्यात. प्रोजेक्ट गुटेनबर्ग 1971 पासून चालू आहे. कॉपीराइट संपलेली पुस्तकं तिथून सरळ उतरवून घ्या. डोळे थकत असतील तर लिब्रिव्हॉक्सवर अशीच पुस्तकं स्वयंसेवकांच्या आवाजात ऐका. वाचन सगळ्यांचंच सारखं नसतं, एक आवाज रुचला नाही तर दुसरा शोधा. मुलं सोबत असतील तर ‘फेट’. कोलोरॅडो विद्यापीठाचे हे विज्ञानाचे आभासी प्रयोग आहेत. मुलांना आधी मनसोक्त खेळू द्या, सूत्र नंतर सांगा.

शेवटी एक पत्ता वहीत लिहूनच ठेवा: इंटरनेट आर्काइव्हचं वेबॅक मशीन. 1996 पासूनची असंख्य वेबपानं तिथे जपलेली आहेत. आवडती साइट बंद पडली की तिचा जुना पत्ता तिथे टाका, वर्ष निवडा, कॅलेंडरमधल्या निळा गोल असलेल्या तारखेवर क्लिक करा. त्या दिवशीचं पान उघडेल. सगळंच जपलं गेलेलं नसतं. म्हणून एखादं पान पुढे लागेल असं वाटलं, तर त्याच साइटवरच्या ‘सेव्ह पेज नाऊ’च्या चौकटीत त्याचा पत्ता टाकून ते तेव्हाच जतन करा आणि मिळालेला दुवा टिपणाशेजारी तारखेसह लिहा.