साखरेचा सेन्सर आणि मोबाइल: या चुका टाळा

आईला मधुमेह आहे. तिच्या दंडावर चिकटवलेला छोटा सेन्सर सतत साखर मोजतो आणि आकडा मोबाइलच्या ॲपवर पाठवतो. रात्री अडीचला तिच्या मोबाइलवर अलार्म वाजला. साखर 54, म्हणजे फारच कमी. सिडकोतल्या आमच्या घरात सगळे दिवे लागले, तिला उठवून चार चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. ती म्हणत होती, "अरे, मला काही होत नाहीये." सकाळी उपाशीपोटी आकडा 231.

घाई आम्ही केली होती. आई सेन्सरच्याच दंडावर कुशीला झोपली होती. दंड दाबला गेला की आकडा खोटाच खाली घसरतो आणि कूस बदलल्यावर थोड्या वेळात वर येतो. आता उशाशी ग्लुकोमीटर असतो. लक्षणं नसतील तर आधी बोट टोचून बघतो. घाम, थरथर असेल किंवा मीटर हाताशी नसेल, तर मात्र थांबू नका, साखर द्या.

दुसरी चूक म्हणजे चुकीच्या वेळी तुलना करणं. सेन्सर रक्तातली नाही, कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो आणि ती साधारण 5 ते 15 मिनिटं मागे चालते. मिसळ खाऊन अर्ध्या तासाने मीटर 190 आणि सेन्सर 160 दाखवत असेल तर दोन्ही खरे असू शकतात. ॲपमध्ये आकड्याशेजारचा बाण आडवा असताना, म्हणजे साखर स्थिर असताना पडताळा. पहिल्या दिवशीच्या आकड्यांवर तर इन्सुलिनचा डोस मुळीच बदलू नका.

सेन्सर लावण्याआधी दंडावर तेल नको. आईचा एक सेन्सर खोबरेल तेलापायी चौथ्या दिवशी सुटला, महागाची वस्तू वाया गेली. एप्रिल-मेच्या उन्हात सेन्सरचा खोका गाडीत ठेवू नका. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसने काही सेन्सरचा आकडा खोटा चढतो, तेव्हा गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा.

खरा मनस्ताप मोबाइलचा. आधी सेन्सर घेतला आणि मग कळलं, आईच्या स्वस्तातल्या फोनमध्ये एनएफसीच नाही, म्हणजे फोन जवळ धरून सेन्सर वाचायची सोयच नाही. तो सेन्सर त्याशिवाय सुरूच होत नव्हता. कंपनीच्या यादीत तुमचं मॉडेल आणि अँड्रॉइडची आवृत्ती दोन्ही आहेत का, हे खरेदीआधी बघा. फोनचं आपोआप अपडेट बंद ठेवा, नव्या आवृत्तीवर ॲप चालतं अशी खात्री झाली की मगच करा. बॅटरी सेव्हर मागे चालणारं ॲप गुपचूप बंद करतो आणि रात्रीचा अलार्म वाजतच नाही. सेटिंगमध्ये या ॲपला बॅटरीची मर्यादा काढून टाका, 'डू नॉट डिस्टर्ब'मधूनही वगळा.

ॲप अडकलं म्हणून काढून पुन्हा टाकायची घाई नको. काही सेन्सर त्याच फोनशी जोडलेले असतात, ॲप काढलं की चालू सेन्सर हातचा जातो. आधी फोन बंद करून सुरू करा. तरी चालला नाही, तर पडद्यावरच्या एररचा फोटो काढा आणि खोक्यावरचा सिरियल नंबर टिपून कंपनीला फोन करा. बदली सेन्सर मागताना हेच विचारतात. आमच्याकडे आता सेन्सर उतरेपर्यंत त्याचा खोका देवघराशेजारच्या कपाटात असतो.