सेसना १७२मधला केएपी १४० ऑटोपायलट: जमिनीवर हाताने तपासा, मगच वर वापरा

बेंडिक्स-किंगचा केएपी १४० हा दोन अक्षांचा (डावी-उजवी कल आणि नाकाची वर-खाली हालचाल सांभाळणारा) ऑटोपायलट पुष्कळ सेसना १७२एस विमानांत बसवलेला असतो. वीज मिळाली की तो स्वतःची चाचणी स्वतःच करतो आणि बरेच शिकाऊ वैमानिक तेवढ्यावर समाधान मानतात. ती चाचणी आतल्या सर्किटांची असते. तो तुमच्या हाताच्या जोराला दाद देतो का, बटण दाबताच सुटतो का, हे तुम्हालाच पाहावं लागतं, तेही प्रत्येक उड्डाणाआधी. तुमच्या विमानाच्या हँडबुकमधली पुरवणी शेजारी ठेवाच. दोन विमानांतली जोडणी वेगळी असू शकते.

इंजिन सुरू झाल्यावर जायरोंना (विमानाची स्थिती आणि दिशा दाखवणाऱ्या उपकरणांतल्या फिरत्या चकत्यांना) वेग धरायला तीन-चार मिनिटं द्या, मग एव्हिऑनिक्स मास्टर, म्हणजे रेडिओ आणि ऑटोपायलटला वीज देणारा स्विच, चालू करा. पडद्यावर ‘पीएफटी’ (उड्डाणपूर्व चाचणी) आणि पुढे वाढत जाणारा आकडा दिसेल. चाचणी पार पडली की सगळी चिन्हं एकदा उजळतात, ऑटोपायलट सुटल्याचा सूर वाजतो आणि बॅरो सेटिंग (उंची मोजण्यासाठीचा हवेचा दाब) लुकलुकू लागतं. ते दुरुस्त करून बॅरो बटण दाबा. ‘पीटी’चा (पिच ट्रिमचा) दिवा विझलाच नाही, तर ऑटोट्रिम, म्हणजे नाक वर-खाली धरणारा ट्रिम आपोआप बसवणारी यंत्रणा, नापास झाला. अशा वेळी ऑटोपायलटचा सर्किट ब्रेकर ओढून ठेवा.

आता योकवरचा (वैमानिकाच्या हातातल्या सुकाणूवरचा) इलेक्ट्रिक ट्रिमचा दुहेरी स्विच. इथे घाई नको. डावा अर्धा भाग एकटाच पुढे दाबून धरा आणि नजर ट्रिमच्या चाकावर ठेवा: चाक जागचं हलता कामा नये. मग उजवा एकटा, तसाच. एका भागाने चाक फिरलं, तर आतला एखादा संपर्क चिकटलेला असू शकतो आणि हवेत ट्रिम आपोआप पळण्याची ती सुरुवात ठरू शकते. ब्रेकर ओढा आणि दुरुस्ती होईपर्यंत ट्रिम हाताने करा. दोन्ही भाग एकत्र दाबले की चाक फिरलं पाहिजे. फिरत असतानाच लाल डिसकनेक्ट बटण दाबून धरा, चाक जागीच थांबलं पाहिजे. हेच स्विच मागे, म्हणजे नाक वर करण्याच्या दिशेने, दाबूनही करा.

मग एपी बटण दाबून ऑटोपायलट जोडा. योक पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे ढकला. हाताला घट्टपणा जाणवेल, पण सर्वोचा (योक हलवणाऱ्या मोटरचा) क्लच घसरून योक तुमचं ऐकेल. हेडिंग मोड (दिशा धरण्याचा) लावून बग, म्हणजे दिशादर्शकावरची हवी ती दिशा दाखवणारी खूण, डावीकडे न्या, योक डावीकडे वळला पाहिजे, उजवीकडेही तसंच. शेवटी लाल बटण दाबून तो सोडवा आणि ट्रिम हाताने टेकऑफच्या खुणेवर आणा. हे शेवटचं काम विसरू नका: तुम्ही योक ढकलत असताना ऑटोट्रिमने चाक सरकवलेलं असू शकतं.

टेकऑफ आणि लँडिंगच्या वेळी ऑटोपायलट बंदच हवा; अॅप्रोचवर (उतरण्यासाठी धावपट्टीकडे येताना) असाल तर जमिनीपासून २०० फुटांखाली, आणि इतर वेळी ८०० फुटांखाली. तो जोडलेला असताना वेग ७० ते १४० नॉट हवा.

हवेत त्याला जोडलं की तो पंख सपाट करतो आणि त्या क्षणी चढण्या-उतरण्याचा जो दर असेल तोच धरून बसतो. सगळ्यात मोठा धोका इथेच आहे. मिनिटाला ७०० फूट चढत असताना जोडलात, तर वर इंजिनाची ताकद कमी पडल्यावरही तो ७०० चाच हट्ट धरतो, नाक वर-वर उचलत राहतो आणि वेग स्टॉलकडे, म्हणजे पंखांची उचल तुटते तिथवर, घसरतो. थ्रॉटल (इंजिनाची ताकद वाढवणारा दांडा) त्याच्या हातात नाही. विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात विमान आधीच सुस्त चढतं, तिथे ही वेळ लवकर येते. वेगावर नजर ठेवा. ७५ नॉटच्या खाली जायला लागला की डीएन (डाउन) बटण दाबा. एका दाबात दर मिनिटाला १०० फुटांनी कमी होतो.

हेडिंग मोडमध्ये तो डायरेक्शनल जायरोवरच्या (जायरोवर चालणाऱ्या दिशादर्शकावरच्या) बगमागे जातो. जायरो हळूहळू सरकतो, म्हणून दर पंधरा मिनिटांनी सरळ उड्डाणात तो कंपासशी जुळवा, नाहीतर ऑटोपायलट चुकीची दिशा इमानेइतबारे धरून ठेवेल.

जोडलेला असताना योक ओढून त्याला ‘मदत’ करू नका. तुम्ही मागे ओढलंत की ऑटोट्रिम नाक खाली ट्रिम करत जातो, आणि सुटला की नाक धाडकन खाली जातं. विमान विचित्र वागायला लागलं तर योक घट्ट धरा, लाल बटण दाबून धरून ठेवा, ट्रिम हाताने सावरा, मग ब्रेकर ओढा. एकदा ओढलेला ब्रेकर त्या उड्डाणात परत आत ढकलू नका.